हे मोजले कुणी?

भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत बारा बंद कंटेनरांतून पीथमपूरला आणला गेला, आणि इंदुरात पुढचे कित्येक महिने दुसरा विषय नव्हता. पीथमपूर धार जिल्ह्यात असले तरी इंदूरपासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतली मुले तिथल्या कारखान्यांत नोकरीला जातात, आणि ज्या यशवंत सागर तलावाचे पाणी शहराच्या काही भागाला मिळते त्याचे काय होणार, ही काळजीही तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली. कचरा भट्टीत जाळताना धुरात काय काय निघते हे प्रदूषण नियंत्रण मंडळे मोजणार होती आणि ते आकडे जाहीर होणार होते. पण आकडे येण्याच्या आधीच त्यांच्यावरचा विश्वास उडालेला होता. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत एकच वाक्य ऐकू येई, की आकडे काय, त्यांना हवे तेच येणार.

योगायोगाने त्याच काळात मी एका विशिष्ट प्रकारचे माहितीपट लागोपाठ पाहत होते. उद्योगांनी पैसा ओतून विज्ञानाविषयी लोकांच्या मनात संभ्रम कसा पसरवला, त्यासाठी कोणाला हाताशी धरले आणि ते पुढे कसे उघडकीला आले, याचा माग काढणारे हे माहितीपट आहेत. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. सांगितलेले तसेच मान्य करू नका, पुरावा मागा, प्रयोग पुन्हा करून पाहा, असे मी मुलांना सांगत आले. त्यामुळे हेच शब्द उचलून, त्यांचा जीव काढून घेऊन, ते सिगारेट विकण्यासाठी कसे वापरले गेले हे पडद्यावर पाहताना मला केवळ राग आला नाही, तर आपल्या घरातली वस्तू कोणी चोरून नेली आणि तिने दुसऱ्याचा घात केला, असे वाटले.

या प्रकारातला मला सर्वांत परिणामकारक वाटलेला माहितीपट जुना आहे. ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने १९७६ मध्ये 'डेथ इन द वेस्ट' दाखवला, तो पीटर टेलर या पत्रकाराच्या शोधकार्यातून उभा राहिला होता. त्याची रचना अगदी साधी आहे. एकीकडे मार्लबोरो सिगारेटच्या जाहिरातीतला घोड्यावरचा रुबाबदार गुराखी येतो, दुसरीकडे अमेरिकेतले सहा खरेखुरे गुराखी येतात, वर्षानुवर्षे सिगारेट ओढून फुप्फुसांच्या कर्करोगाने किंवा एम्फिसीमा या श्वास कोंडवणाऱ्या फुप्फुसविकाराने खंगलेले, आणि त्यांच्या मधोमध मार्लबोरो बनवणाऱ्या फिलिप मॉरिस कंपनीचे अधिकारी शांतपणे उत्तरे देत बसलेले दिसतात. त्यांतला एक गुराखी घोड्यावर बसतो तेव्हा त्याच्याबरोबर प्राणवायूचे नळकांडे असते. कंपनीच्या विज्ञान विभागाचे प्रमुख हेल्मुट वेकहॅम यांना धुरातील घातक द्रव्यांविषयी विचारले जाते, तेव्हा ते म्हणतात की कोणतीही गोष्ट घातक मानता येईल, सफरचंदाचा गरसुद्धा अती खाल्ला तर घातकच. सफरचंदाचा गर खाऊन फारसे कोणी मरत असेल असे वाटत नाही, असे मुलाखतकार म्हणतो, त्यावर लोक तो तेवढा खात नाहीत, असे उत्तर येते.

हे उत्तर मी थांबवून पुन्हा ऐकले. त्यात एकही विधान रसायनशास्त्राच्या दृष्टीने खोटे नाही. मात्रेवर विषाचे विषपण अवलंबून असते, हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवले आहे. पण इथे ते तत्त्व काही समजावून देण्यासाठी आलेले नव्हते, समोरच्याला समजू नये म्हणून आलेले होते. पुढे फिलिप मॉरिसने न्यायालयात धाव घेतली, प्रक्षेपण थांबवले, आणि तडजोडीत या माहितीपटाच्या प्रती नष्ट करण्याचे ठरले. तरी एक प्रत कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक स्टँटन ग्लान्झ यांच्या हाती लागली आणि १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाहिनीवर तो लोकांनी पाहिला. सहा गुराख्यांचे खोकणे लोकांच्या कानावर पडू नये म्हणून इतका खटाटोप करावा लागावा, यातच त्या चित्रणाची ताकद कळते.

या साऱ्या पद्धतीचा उगम कुठे आहे, हे आता कागदोपत्री स्पष्ट झालेले आहे. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, धूम्रपान आणि फुप्फुसांचा कर्करोग यांतला संबंध दाखवून दिला. १९५३ मध्ये सिगारेटच्या धुराचा अर्क उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर गाठी येतात हे प्रसिद्ध झाले आणि तंबाखू कंपन्यांचे धाबे दणाणले. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात कंपन्यांचे प्रमुख एकत्र बसले आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला पाचारण केले. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचे पानभर निवेदन आले. लोकांचे आरोग्य आम्हांला व्यवसायातील इतर सर्व गोष्टींपेक्षा महत्त्वाचे वाटते, पुरावा अजून निर्णायक नाही, आम्ही संशोधनाला पैसा देऊ, असा त्याचा आशय होता. विज्ञानाला विरोध करायचा नाही, तर आणखी विज्ञान हवे अशी मागणी करत राहायचे, ही त्यातली युक्ती होती. संशोधन समिती स्थापन झाली, मान्यवर शास्त्रज्ञ तिच्यावर नेमले गेले, अनुदाने वाटली गेली, आणि वर्षे निघून गेली. १९६९ मधल्या ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात तर स्वच्छ लिहिलेले सापडले की शंका हेच आमचे उत्पादन आहे, कारण जनतेच्या मनातील ज्ञात तथ्यांशी स्पर्धा करण्याचे ते सर्वोत्तम साधन आहे.

रॉबर्ट केनर यांचा २०१४ मधील 'मर्चंट्स ऑफ डाउट' हा माहितीपट याच वाक्याभोवती उभा आहे. त्याची सुरुवात पत्त्यांचे खेळ करणाऱ्या एका जादूगाराने होते. मी तुम्हांला फसवणार आहे हे मी आधी सांगून टाकतो, असे म्हणणारा जादूगार आणि तज्ज्ञ असल्याचे सांगून दूरचित्रवाणीवर बसणारा भाडोत्री वक्ता यांतला फरक केनर दाखवतात. १९९४ मध्ये ग्लान्झ यांच्याकडे कुणी निनावी माणसाने ब्राउन अँड विल्यमसनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या हजारो पानांची पेटी कशी पाठवली, तीच माणसे आणि तेच डावपेच पुढे हवामानबदलाच्या वादात कसे आले, घरातल्या गाद्या-खुर्च्यांत घातल्या जाणाऱ्या अग्निरोधक रसायनांच्या बचावासाठी नागरिकांची म्हणून उभी केलेली संघटना प्रत्यक्षात रसायन कंपन्यांच्या पैशावर कशी चालत होती, हे सारे त्यात वेगाने येते. साखर उद्योगाची गोष्ट याच जातकुळीची आहे. १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात हृदयरोगाचा दोष साखरेवरून चरबीकडे वळवणारा आढावा प्रसिद्ध झाला, त्यासाठी हार्वर्डच्या संशोधकांना साखर उद्योगाच्या संस्थेकडून ६,५०० डॉलर मिळाले होते, आणि ही देवाणघेवाण २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून बाहेर आली. जवळजवळ पन्नास वर्षे वाचकांना त्या पैशाचा पत्ता नव्हता.

आपल्याकडे याचे जे रूप दिसले ते मला अधिक बोचते. २०१५ मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरील चित्रमय इशारा ८५ टक्के जागेवर छापण्याचा नियम लागू होणार होता, तेव्हा त्याचा विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या अध्यक्षांनी, आणि तेही महाराष्ट्रातून निवडून आलेल्या, असे सांगितले की तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, सारे अभ्यास परदेशी आहेत. त्या समितीवर बिडीचा मोठा व्यवसाय असलेले एक खासदारही होते. नियम लांबला आणि १ एप्रिल २०१६ पासून अमलात आला. भारतीय अभ्यास नाही, हे वाक्य ऐकून मला डॉ. वसंत रामजी खानोलकरांची आठवण झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी आणि संघवी व राव या सहकाऱ्यांनी तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मुंबईतल्याच रुग्णांवर तपासला, आणि तो निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. म्हणजे डॉल आणि हिल यांच्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, आणि ज्या चघळण्याच्या तंबाखूचा त्रास अमेरिकेपेक्षा आपल्याला अधिक, तिच्याविषयी. भारतीय पुरावा साठ वर्षांपूर्वीपासून ग्रंथालयात होता. २०१२ मध्ये नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे देशातले पहिले राज्य ठरले, याचा मला आजही अभिमान वाटतो, जरी आमच्या पानाच्या ठेल्यांवर सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या शेजारी-शेजारी लटकलेल्या मी रोज पाहत असले तरी.

आमच्या वाचक मंडळाने 'मर्चंट्स ऑफ डाउट' राजेंद्रनगरात एका सदस्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर दाखवला. पीथमपूरला मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करणारा, आमच्या सर्वांपेक्षा वयाने लहान असलेला एक अभियंता त्या दिवशी आला होता. माहितीपट संपल्यावर सगळे उद्योगांना नावे ठेवत होते, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे काकू, यांतल्या कुणाचंच खरं धरायचं नाही, असंच ना? ज्याला पैसे मिळतात तो खाल्ल्या मिठाला जागणार. मग कचऱ्याचे आकडे देणारे तरी वेगळे कसे?" कोणी काही बोलले नाही. त्याच्या बोलण्यात चूक काढावी असे काही वाटत नव्हते, आणि तरीही मला आतून धक्का बसला, कारण तंबाखू कंपन्यांना नेमके हेच हवे होते. सिगारेट निर्धोक आहे असे लोकांना पटवणे त्यांना कधीच शक्य नव्हते आणि गरजेचेही नव्हते. सगळेच शास्त्रज्ञ कोणाचे तरी असतात, म्हणून कोणाचेच ऐकण्यात अर्थ नाही, एवढे पटले की त्यांचे काम होत होते.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की या माहितीपटांत एक धोका आहे, आणि तो त्यांच्या सद्हेतूला लागून आलेला आहे. खलनायकाचा मुखवटा ओढून काढण्याचे दृश्य इतके समाधान देते की प्रेक्षक त्यापुढे जात नाही. लबाडी कशी झाली हे त्याला तपशीलवार कळते, पण खरे कसे कळले, हे कळत नाही. उंदरांच्या पाठीवर गाठी आल्या हे दोन सेकंदांत सांगून होते, पण किती उंदीर होते, तुलनेसाठी कोणते होते, प्रयोग दुसऱ्या कोणी केला का, हे दाखवायला वेळ नसतो. कुठेतरी पाणी मुरते आहे, अशी नजर मात्र पक्की होते, आणि अशी नजर पुढे प्रामाणिक माणसावरही तशीच पडते.

खरे तर याच इतिहासात याच्या उलटची उदाहरणे आहेत. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी, कंपनीच्याच पगारावर, १९७० आणि १९८० च्या दशकांत उत्तम काम केले. जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्ये वरिष्ठांपुढे खनिज इंधनांमुळे पृथ्वी तापेल असे मांडले, १९७९ पासून कंपनीच्या एका तेलवाहू जहाजावर कार्बन डायऑक्साइड मोजण्याची उपकरणे बसवली गेली, आणि त्यांची तापमानवाढीची बहुतेक भाकिते पुढे खरी ठरली, हे २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. अमेरिकन सार्वजनिक दूरचित्रवाणीने २०२२ मध्ये या विषयावर तीन भागांची मालिका केली. विज्ञान तिथे विकले गेलेले नव्हते, ते कपाटात बंद करून बाहेर दुसरेच बोलले गेले. पगार कोणाचा, या एका प्रश्नाने प्रामाणिकपणाचा निकाल लागत नाही, हे मला त्या तरुण अभियंत्याला सांगायचे होते.

तसेच माहितीपट म्हणून दाखवलेले सारे खरे असते असेही नाही. ब्रिटनच्या चॅनेल फोरने २००७ मध्ये हवामानबदल हा बनाव आहे असे सांगणारा एक कार्यक्रम दाखवला, तो दिसायला अस्सल माहितीपटच होता. त्यात मुलाखत दिलेले समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांनी आपले म्हणणे उलट्या अर्थाने दाखवल्याची तक्रार केली, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने त्यांना, तसेच आणखी एका शास्त्रज्ञाला आणि आंतरसरकारी हवामान मंडळाला अन्याय्य वागणूक मिळाल्याचे मान्य केले. गंभीर आवाजातले निवेदन, जुनी कागदपत्रे, काळोखात उजळलेला चेहरा, ही साधने कोणालाही वापरता येतात.

भोपाळच्या १९८४ मधल्या वायुदुर्घटनेवरही एक माहितीपट झाला होता, आणि तो आज किती जणांना आठवतो हे मला ठाऊक नाही. तपन बोस, सुहासिनी मुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या 'बियाँड जेनोसाइड' या चित्रपटाला सर्वोत्तम कथेतर चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. असे पुरस्कृत चित्रपट दूरदर्शन दाखवत असे, पण हा दाखवायला नकार आला. तो शिळा झाला आहे, तो संयत आणि संतुलित नाही, नुकसानभरपाईचे दावे न्यायालयात आहेत, राजकीय पक्ष हा विषय उचलत आहेत, अशी कारणे दिली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९२ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या बाजूने निकाल दिला. संतुलित नाही, या आक्षेपाशी मी पुष्कळ वेळ थांबले. कारण त्याच वर्षांत दुसऱ्या बाजूने जे मांडले जात होते त्याला पुरेसे व्यासपीठ होते. कारखान्यातल्या मिथिल आयसोसायनेट या विषारी द्रवाच्या टाकीत पाणी शिरून प्रक्रिया भडकली यावर दोन्ही बाजूंचे दुमत नव्हते, वाद होता तो पाणी शिरले कसे यावर. कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या अमेरिकन सल्लागार संस्थेतील अभियंत्याने १९८८ मध्ये असे मांडले की एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडले. त्या कामगारावरचा हा आरोप न्यायालयात कधी सिद्ध झाला नाही. पण समजा पाणी कोणी मुद्दाम सोडले असते तरी, मिथिल आयसोसायनेट थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता, वायू धुणारी यंत्रणा त्या रात्री पुरी पडली नाही, आणि चाळीस टनांच्या आसपास द्रव एका टाकीत साठवलेला होता, यांतले काहीच बदलत नाही. एका माणसाचा हात शोधण्यात सारे गुंतले की कारखान्याची रचना नजरेआड होते. त्या रात्री रुग्णालयांत आलेल्या हजारो लोकांवर कशाचा उपचार करायचा, याची पुरेशी माहितीही डॉक्टरांना कंपनीकडून मिळाली नव्हती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो, आणि भोपाळच्या लोकांचे तर सारे शरीर पोळले होते.

इंदूरला स्वतःचीही एक जखम आहे. २०१० च्या सुमारास शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी औषध कंपन्यांसाठी केलेल्या चाचण्यांची प्रकरणे बाहेर आली. गरीब रुग्णांना महागडे औषध फुकट मिळते आहे एवढेच सांगितले गेले, आपण चाचणीत आहोत हे कळलेच नाही, अशा तक्रारी कुटुंबांनी केल्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला फैलावर घेतले, आणि त्याच वर्षी नुकसानभरपाईचे आणि संमतीच्या दृक्श्राव्य नोंदीचे नियम आले. नियम आले, पण वस्तीत काय पोहोचले? २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी मला विचारले होते, "दीदी, फिर से हम पर ही आजमा रहे हैं क्या?" त्या 'फिर से' मध्ये सारे काही होते. मी त्यांना लशीच्या चाचण्या कशा झाल्या, त्यांत कोण होते, हे वेळ देऊन सांगितले, त्यांच्यासोबत केंद्रावर गेले, आणि त्यांनी लस घेतली. पण त्यांच्या गल्लीतल्या कितीतरी जणींना सांगायला कोणी नव्हते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. एका औषधाच्या चाचणीत केलेली लपवाछपवी दुसऱ्याच औषधाची, खऱ्या उपयोगाच्या औषधाची, वाट अडवून बसते.

म्हणूनच या साऱ्या पाहण्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो स्टेफनी सोक्टिग यांचा २०१८ मधील 'द डेव्हिल वी नो'. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्ग गावाजवळच्या, ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कारखान्यात टेफ्लॉन बनवताना सी-एट नावाचे रसायन वापरले जाई, आणि ते ओहायो नदीत, हवेत आणि कचऱ्याच्या खड्ड्यांतून ओढ्यांत जात होते. विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरे एकापाठोपाठ एक मरू लागली. पशुवैद्य आणि सरकारी अधिकारी दाद देईनात, तेव्हा त्याने स्वतः कॅमेरा हाती घेतला. ओढ्यावर साचलेला फेस, काळे पडलेले दात, मेलेल्या गाईचे पोट फाडून बाहेर काढलेले अवयव, आणि हे असे असायला नको, हे सांगणारा त्याचा संतप्त, थकलेला आवाज, हे चित्रण माहितीपटात जसेच्या तसे आहे. त्या माणसाकडे पदवी नव्हती, पण निरोगी गाईचे यकृत कसे दिसते हे त्याला पक्के ठाऊक होते. निरीक्षण म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगले चित्रण मिळाले नसते.

पण त्या प्रकरणातला पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. रॉब बिलॉट या वकिलाने चालवलेल्या सामूहिक दाव्यात २००४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मान्य केली. दोघांनी मिळून निवडलेले तीन साथरोगतज्ज्ञ अभ्यास करतील. सी-एटचा ज्या आजाराशी संबंध संभवतो असे ते म्हणतील त्याबाबत कंपनी तो संबंध नाकारणार नाही, आणि जिथे ते नाही म्हणतील तिथे लोक दावा लावणार नाहीत. पैसा कंपनीचाच होता. आधी प्रश्न आला की पुरेशा लोकांचे रक्त मिळणार कसे. तडजोडीतल्या सुमारे सात कोटी डॉलरांतून आरोग्य सर्वेक्षण उभे केले गेले, रक्त आणि माहिती देणाऱ्याला चारशे डॉलर मिळत होते, आणि सुमारे ६९,००० लोक आले. काही वर्षे काहीच निष्पन्न होत नाही असे वाटत होते, लोक वैतागले होते. मग २०११ आणि २०१२ मध्ये पन्नासहून अधिक आजारांची तपासणी करून तज्ज्ञांनी सहांबाबत संबंध संभवतो असे सांगितले, त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग होता, थायरॉइडचे विकार होते, गर्भारपणातला उच्च रक्तदाब होता. बाकीच्या अनेक आजारांबाबत त्यांनी नाही म्हटले. ते नाहीही लोकांनी मानले, कारण माणसे निवडताना त्यांचा शब्द होता, रक्त त्यांचे होते, आणि निकाल काहीही लागला तरी तो दोघांवर बंधनकारक राहणार हे आधी ठरलेले होते. ज्या गावात कंपनीने वर्षानुवर्षे लपवाछपवी केली, त्याच गावात, त्याच कंपनीच्या पैशाने, विश्वास ठेवता येईल असे विज्ञान उभे राहिले. हे शक्य असते, एवढे तरी मला त्या तरुणाला दाखवता आले. 'द डेव्हिल वी नो' आम्ही पुढच्या बैठकीत पाहिला आणि या तडजोडीची गोष्ट मी त्याला वेगळी सांगितली, कारण माहितीपटात तिला जितका वेळ मिळायला हवा होता तितका मिळालेला नाही.

पीथमपूरला फेब्रुवारीच्या अखेरीपासून तीन फेऱ्यांत दहा-दहा टन कचरा चाचणी म्हणून जाळला गेला, ताशी १३५, मग १८० आणि मग २७० किलो या वेगाने, आणि त्यानंतर उरलेला कचरा जूनच्या अखेरीपर्यंत जाळून झाला. धुरातील घटक मर्यादेत राहिल्याचे जाहीर केले गेले. त्याआधी जानेवारीत गाव बंद झाले होते, दोन जणांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला होता, इंदुरातले डॉक्टर न्यायालयात गेले होते. ते आकडे खोटे होते असे म्हणण्याचा मला काहीही आधार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. दहा टनांची अशीच चाचणी २०१५ मध्येही झाली होती, म्हणजे मध्ये दहा वर्षे हातात होती. त्या दहा वर्षांत भट्टीजवळच्या तारापुरा गावातल्या लोकांचे रक्त आधी तपासून ठेवता आले असते, विहिरींचे पाणी तपासून ठेवता आले असते, नमुन्यांचा एक भाग गावाने निवडलेल्या प्रयोगशाळेकडे देता आला असता, भट्टीच्या धुराड्यातले यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही हे शाळेतल्या फळ्यावर समजावून सांगता आले असते. डायॉक्सिन हे कचरा जळताना तयार होऊ शकणारे अतिविषारी द्रव्य सतत मोजता येत नाही, त्याचा नमुना काही तास गोळा करून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, एवढी एक गोष्ट जरी आधी सांगितली गेली असती, तरी यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत डायॉक्सिन का नाही, या प्रश्नाला संशयाऐवजी उत्तर मिळाले असते.

तो अभियंता आता विचारतो ते मला पटते. सगळे खोटे आहेत, असे तो म्हणत नाही. हे मोजले कुणी, कशाने, आणि नमुना आता कोणाकडे आहे, असे विचारतो. जळल्यानंतर उरलेल्या राखेबद्दलही त्याने मला हेच विचारले, आणि तो आणि त्याचे दोन मित्र मिळून माहितीच्या अधिकाराखाली त्या राखेच्या चाचणीचे अहवाल मागण्याचा अर्ज तयार करत आहेत. त्यातली रसायनांची नावे मराठीत आणि हिंदीत नीट लिहून देण्याचे काम मी घेतले आहे.